गीझरच्या पाइपातली दोरी

बाबांचे गुडघे शिडीला नकार द्यायला लागल्यापासून आमची वाटणी ठरली होती. सुटीच्या दिवशी शिडीवर मी, शिडीखाली बाबा. एरवी मी एका प्रकाशनात प्रूफं तपासते आणि बाबा बेल लावतात. दाराच्या बेल, इंटरकॉम, आजाऱ्याच्या उशाशी लावायचं बटण. जे बारा व्होल्टवर चालतं आणि आवाज करतं, ते सगळं त्यांच्या हद्दीतलं. घरातली बाकीची वायरिंगही त्यांना येत होती, पण तिच्याशी ते जरा अदबीनं वागायचे, खाष्ट सासूशी वागावं तसे.

"संपादक, खिळा थोडा डावीकडे."

"तुमच्या डावीकडे की माझ्या?"

"भिंतीच्या."

प्रूफं तपासणारी आणि संपादक यांत फरक असतो, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं होतं. ते म्हणायचे, चुका काढतेस ना, मग झालं.

त्या दिवशी आम्ही शिवणाच्या बाईंकडे होतो. म्हणजे दोघी बहिणींकडे. एकेकाळी दोघी घरातच शिवणाचे वर्ग चालवायच्या. पुढच्या खोलीत अजून कापायचं लांबलचक टेबल होतं आणि कपाटाशेजारी बिनडोक्याचे तीन पुतळे अर्धवट झंपर घालून उभे होते. दोघींनाही ऐकू कमी यायचं. थोरल्या बाईंना जास्त, पण त्यांना ते मान्य नव्हतं. लोक हल्ली पुटपुटतात, असं त्यांचं म्हणणं. धाकट्या बाईंकडे कानाचं मशीन होतं. बॅटरी संपू नये म्हणून त्या ते ड्रॉवरमध्ये ठेवायच्या.

थोरल्या बाई बाथरूममध्ये घसरून पडल्या होत्या आणि बराच वेळ हाका मारत बसल्या होत्या. बाहेर धाकट्या बाई शांतपणे मशीन चालवत होत्या, शिवणाचं. म्हणून आता बाथरूममध्ये बटण आणि हॉलमध्ये बेल, दाराचं बटणही त्याच बेलला. बटण स्टीलचं. प्लॅस्टिकचं पाहिल्यावर थोरल्या बाई म्हणाल्या होत्या की ते दवाखान्यासारखं दिसतं, मी अजून तिथवर पोचलेले नाही.

बेल बसली. बाबांनी ती तात्पुरती वाजवून दाखवली. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला, वरच्या मजल्यावरून कुणीतरी "कोण आहे?" म्हणून ओरडलं, माझ्या हातातून पक्कड पडली.

"हं," थोरल्या बाई म्हणाल्या. "वाजली वाटतं."

तार हॉलमधून बोळाच्या कडेकडेनं बाथरूमच्या दारापर्यंत आली. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. शेवटचा तुकडा तेवढा राहिला, जिथे भिंतीवर प्लॅस्टिकची पट्टी मारून तार आत न्यायची होती. ती भिंत नुकतीच रंगवलेली होती. फिकट जांभळी. तो रंग निवडायला थोरल्या बाईंनी रंगाऱ्याला इतके नमुने लावायला सांगितले होते की तो शेवटी रडकुंडीला आला, असं धाकट्या बाई सांगत होत्या.

"माझ्या भिंतीवर हा पांढरा साप चढणार?" थोरल्या बाई म्हणाल्या. "मुळीच नाही. भिंतीच्या आतून घाला."

"आत एकच पाइप आहे, बाई. गीझरचा."

"मग त्यातून घाला."

बाबांनी आधी फ्यूज काढला, मग बोळातला गीझरचा बोर्ड उघडून दाखवला. जाड तारांच्या बाजूला, पाइपाच्या तोंडाशी, पांढऱ्या सुती दोरीचं टोक डोकावत होतं.

"ही दोरी कसली?"

"माझीच. मागे गीझरची तार बदलली तेव्हा सोडून ठेवली होती. पाइपात एक दोरी ठेवायची माझी सवय आहे. पुढे कुणाला नवी तार ओढायची झाली तर तो माझा उद्धार करत नाही."

"आम्हाला ओढायचीच आहे की! बांधा आणि ओढा."

"ही दोरी जाड तारेसाठी आहे. बेलची तार त्या पाइपात जात नाही."

धाकट्या बाईंनी वाकून पाहिलं. "जाईल. भरपूर जागा आहे."

"जागेचा प्रश्न नाही बाई, संगतीचा आहे." बाबा खुशीत आले. कुणी असा प्रश्न विचारला की ते नेहमीच खुशीत यायचे. "हे बघा. ही आमची पातळ तार. हिच्या अंगावर मलमल आहे. बारा व्होल्टपुरती पुरते. ती दुसरी, तिच्यातून दोनशे तीस व्होल्ट जातात. तिच्या अंगावर जाडंभरडं कापड आहे, पण गीझरच्या उष्णतेनं तेही विरतं. आता दोघींना एका पाइपात कोंबलं, आणि कुठे घासलं, टोचलं, फाटलं, तर तिकडचे दोनशे तीस इकडे येणार. इकडून ते तुमच्या स्टीलच्या बटणात. आणि तुम्ही ओल्या अंगानं, ओल्या फरशीवर."

"आम्हाला कळेल ना पण. बेल बंद पडेल."

"नाही पडणार. तीच तर गंमत आहे. बेल वाजतच राहील."

"मग तुमच्या तारेला अस्तर लावा," धाकट्या बाई म्हणाल्या.

"अस्तर नाही, बाई. वेगळं कपाट."

बाबा हसले, मग मीही हसले. थोरल्या बाई हसल्या नाहीत, कारण त्यांना निम्मं ऐकू आलं नव्हतं आणि उरलेलं पटलं नव्हतं. शेवटी बाबांनी माघार घेतली. तुमच्या भिंतीच्या रंगाशी जुळणारी पट्टी मिळते का बघतो, उद्या येतो, म्हणाले. उरलेल्या तारेचं वेटोळं करून त्यांनी बाथरूमच्या दाराबाहेर खिळ्याला अडकवलं आणि बोर्ड बंद केला. घरी जाताना वाटेत दोन दुकानांत जांभळी पट्टी विचारली. दुसऱ्या दुकानदारानं आमच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की आम्ही बाहेर येऊन कोपऱ्यापर्यंत हसत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दाढी करायला बसले आणि अर्ध्या दाढीवर थांबले. डॉक्टर म्हणाले, हृदय. उरलेली अर्धी दाढी आत्यानं केली. हात जराही हलला नाही तिचा.

आई मी शाळेत असतानाच गेली होती. त्यानंतर घरात आम्ही तिघं होतो, बाबा, त्यांची धाकटी बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. आता दोघीच उरलो. आणि बाबांचा फोन.

त्या फोनचं काय करावं ते कळेना. बाबांनी त्याला दाराच्या बेलचा आवाज लावून ठेवला होता. तो वाजला की आत्या उठून दार उघडायची. बाहेर कुणी नसायचं. ती दार लावायची, बसायची, पुन्हा टिंगटाँग. मग एकदा ती उघड्या दारात उभी राहून रिकाम्या जिन्याला म्हणाली, "या ना, आत या, असे लाजता काय," आणि आम्ही दोघी भिंतीला धरून इतक्या हसलो की भेटायला आलेले समोरच्या घरातले काका चपला न काढताच परत गेले.

फोनवर गिऱ्हाइकं असायची. त्यांना काही माहीत नव्हतं.

"बेलवाले आहेत का?"

"बाहेर गेलेत," मी म्हणायचे.

"माझी बेल मी दाबली की शेजाऱ्यांकडे वाजते हो."

"आणि शेजाऱ्यांची?"

"ती कुठेच वाजत नाही. म्हणून तर ते माझी दाबतात."

मी त्यांना काय करायचं ते सांगितलं. मला येत होतं, हे सांगता सांगता मला कळलं. दुसऱ्या एका बाईंना सांगितलं, तिसऱ्या माणसाला सांगितलं. सगळ्यांना म्हणाले, ते बाहेर गेलेत, ते कामात आहेत, ते येतील. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं नीट करणाऱ्या मला ते एक, दोन शब्दांचं वाक्य पुरं करता येत नव्हतं. घरी येणाऱ्यांना काही सांगावं लागत नव्हतं, ते माहीत करूनच यायचे. ऑफिसला आत्यानं कळवलं. म्हणजे ते वाक्य माझ्या तोंडून कधी निघालंच नाही.

शिवणाच्या बाईंचा फोन आला, तेव्हाही मी तेच केलं.

"बेलवाले आले नाहीत गं."

"येतील."

"रागावले का? ताई साप म्हणाली म्हणून?"

"छे छे. जरा कामात आहेत. येतील, दोन-तीन दिवसांत."

फोन ठेवला तर आत्या दारात उभी. हातात बाबांचे धुतलेले शर्ट.

"खोटं बोललीस."

"हो."

"बरं," आत्या म्हणाली, आणि शर्टांच्या घड्या घालायला बसली.

मग एका सकाळी पुन्हा टिंगटाँग. आत्या उठली, अर्ध्या वाटेत थबकली, कपाळावर हात मारून परत बसली. फोनवर धाकट्या बाई होत्या. आवाजातून आनंद नुसता उतू चालला होता.

"अगं, बेलवाल्यांना सांग, घाई करू नका म्हणावं! काम झालं!"

"कसलं काम?"

"बेल लागली! आम्हीच लावली! काल वाजवून बघितली, काय ठणठणीत वाजली म्हणून सांगू!"

मी उभी राहिले. "तार कुठून घातलीत, बाई?"

"त्या दोरीनं! इतकं काही अवघड नाही हो ते. नेफ्यात नाडी ओवतो की नाही, अगदी तश्शी. तारेच्या टोकाला सेफ्टी पिन टोचली, पिनेला दोरी बांधली, मी इकडून सरकवली, ताईनं तिकडून ओढली. मध्ये जरा अडली. मग ताईनं जोर लावला."

"पिन काढलीत ना?"

त्या मशीनशिवायच बोलत होत्या. मी ओरडून पुन्हा विचारलं.

"पिन ना? ती सुरुवातीलाच सुटली गं आत कुठेतरी, मग तार दोरीलाच गाठली. राहू दे, एवढीशी तर पिन."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"बाई, गीझर चालू आहे का?"

"आत्ताच लावला. काल बेल वाजवली तेव्हा बंद होता, तुझ्या वडिलांनी फ्यूज काढला होता ना, तसाच आम्हीही काढला. आम्ही काही वेड्या नाही. आज ताईची अंघोळ आहे. अंघोळ झाली की ती आतून बटण दाबणार आणि मी इथे बेलखाली खुर्ची टाकून ऐकणार. उद्घाटन!"

मी ओरडले. बटण दाबू देऊ नका, गीझर बंद करा, ताईंना बाहेर काढा, सगळं एका दमात.

"काय म्हणतेस ते कळत नाही बघ. थांब, मशीन लावते."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. ड्रॉवर उघडल्याचा आला. मग दुसरा ड्रॉवर. मग धाकट्या बाई गुणगुणत दूर गेल्या.

बाबांची पिशवी दाराशी होती तशीच होती. मी ती उचलली. आत्या माझ्या आधी जिन्यात.

"तू कुठे?"

"तुला एकटीला सोडू? शिडी कोण धरणार?"

स्कूटरवर मागे बसून तिनं एका हातानं पिशवी धरली आणि दुसऱ्या हातानं माझा खांदा असा पकडला की तो अजून दुखतो. बरंच अंतर गेल्यावर मला म्हणाली, "माझ्या एका पायात दादाची चप्पल आहे." मी मान वळवून पाहिलं. होती. मला हसू फुटलं. ते थांबेना. सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस काच वर करून घेत होता आणि मी हसत होते आणि मनात हिशेब करत होते: पिन कुठे असेल? पाइपात असेल तर कदाचित काही होणार नाही. पण बोर्डात, तारा जिथे स्क्रूनं आवळलेल्या असतात तिथे, उघड्या तांब्याजवळ असेल तर? ते स्क्रू गीझरच्या स्विचच्या पुढचे. गीझर बंद, म्हणजे ते मेलेले. काल बेल वाजली ती म्हणून सुखरूप. आज गीझर चालू.

"हसतेस कशाला, बये? सिग्नल सुटला!"

दार बंद होतं. आत्यानं पायऱ्या चढल्या चढल्या बेलकडे हात नेला.

"दाबू नको!" मी तिचा हात वरच्या वर पकडला.

"का?"

"तीही त्याच तारेवर आहे!"

बेलवाल्याची मुलगी आणि बेलवाल्याची बहीण, दोघी बंद दारासमोर, आणि बेल दाबायची सोय नाही. आम्ही दार ठोठावलं. लाथा मारल्या. कुत्रा भुंकला. वरच्या मजल्यावरून "कोण आहे?" आलं. दाराआड राहणाऱ्या दोघींपैकी कुणालाही यातलं काही ऐकू जाण्याची शक्यता नव्हती.

शिवणवर्गाची खिडकी उघडी होती. तळमजलाच तो, पण खिडकी उंच. आत्यानं ओंजळ केली, "चढ" म्हणाली. मी चढले. ती साठीच्या पुढची, मी काही हलकी नाही.

"प्रूफं तपासून इतकं वजन वाढतं होय गं?" ती खालून कण्हत म्हणाली आणि ढकललं.

मी कापायच्या टेबलावर पोटावर पडले. खडू, टेप आणि कात्री घेऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला घसरत गेले. समोर धाकट्या बाई, खरोखरच बेलखाली खुर्ची टाकून, कानाच्या मशीनमध्ये बॅटरी बसवत होत्या. त्यांनी मान वर केली.

"अगं, दार आहे की."

"मेन स्विच कुठे आहे?"

"काय?"

"मेन! मेन स्विच!" मी हातानं खटका ओढल्याचा अभिनय केला.

त्यांनी कपाटाकडे बोट केलं. कपाटासमोर पुतळे. मी एकाला कवेत घेऊन बाजूला केलं, दुसरा माझ्या अंगावर कोसळला, तिसऱ्याला धाकट्या बाईंनी "जपून, टाचण्या आहेत!" म्हणून सावरलं. टाचण्या होत्या. कपाटात कापडाचे तागे. तागे बाहेर, अस्तरं बाहेर, बटणांचे डबे बाहेर, आणि सगळ्यांच्या मागे, कोळ्याच्या जाळ्यात, मेन स्विच. मी दोन्ही हातांनी ओढला.

पंखा मंदावत थांबला.

तेवढ्यात बोळातून आवाज आला. टक. टक टक. टक टक टक.

"लाइट गेले का गं?" थोरल्या बाई आतून गरजल्या. टक टक. "आणि ही बेल वाजत का नाही?" टक टक टक टक. "केव्हाची दाबतेय! बेलवाल्यांचं काम हे असं!"

मी त्याच अस्तरांच्या ढिगावर बसले. ती टकटक चालूच होती. त्या बटणाचा तो सुका, निरुपद्रवी आवाज मी ऐकत राहिले.

थोरल्या बाई गाऊन घालून, डोक्याला पंचा गुंडाळून, कानात साबण घेऊन बाहेर आल्या. त्यांनी मला पाहिलं, पुतळे पाहिले, जमिनीवरचे तागे पाहिले. खिडकीत टाचा उंचावलेल्या आत्याचं डोकं आणि घामानं चिकटलेले केस दिसत होते.

"ही कोण?"

"ही माझी आत्या."

"मग दारानं का येत नाही?"

धाकट्या बाईंनी दार उघडून आत्याला आत घेतलं. मी टेस्टर लावून आधी खात्री केली, नंतर फ्यूजही काढला, मग बोर्डाचे स्क्रू सोडले. तिघी माझ्या खांद्यावरून वाकल्या होत्या.

पिन समोरच होती. शोधावीही लागली नाही. तोंड वासून बोर्डात आडवी बसली होती. एक टोक बेलच्या तारेत रुतलेलं, पातळ प्लॅस्टिकमधून सरळ आरपार. दुसरी बाजू गीझरच्या स्क्रूवर टेकलेली. इतकी व्यवस्थित टेकलेली, की मुद्दाम कुणी केली असती तर दोनदा प्रयत्न करावा लागला असता. मी आत जाऊन बटणही उघडलं. धाकट्या बाईंनी तारेची टोकं मागे गाठ मारून बसवली होती, शर्टाच्या बटणाला मारतात तशी, दुहेरी, आणि गाठीतून निघालेले तांब्याचे केस स्टीलच्या पत्र्याला भिडले होते.

मी त्यांना पिनेपासून बटणापर्यंत बोटानं वाट दाखवली. बोलायची गरज पडली नाही. कापडावरची शिवण जशी वाचावी तशी दोघींनी ती वाचली.

धाकट्या बाई खुर्चीत बसल्या. बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या.

"म्हणजे मी आता मेले असते," थोरल्या बाई म्हणाल्या.

"हो."

"अंघोळ करून."

"हो."

"आणि ही इथे खुर्ची टाकून बेल ऐकत बसली असती." त्यांनी बहिणीकडे पाहिलं. "मशीन न लावता!"

आधी आत्याला फुटलं. मग मला. धाकट्या बाई हसता हसता रडायला लागल्या. थोरल्या बाईंनी डोक्याचा पंचा काढून त्यांच्या तोंडावर फेकला, आणि "रडतेस काय, वाचले ना मी!" म्हणून स्वतःच डोळे पुसले.

मग काम केलं. भोक पडलेली तार मी पाइपातून पूर्ण ओढून काढली आणि तिचे तुकडे केले, कुणी पुन्हा वापरू नये म्हणून. पिन खिशात टाकली. गीझरच्या तारा तपासल्या, त्यांना काही झालं नव्हतं. पिशवीतून नवी बेलची तार काढली. पट्टी पांढरीच होती.

"बाई, भिंतीवर—"

"लाव," थोरल्या बाई म्हणाल्या. "लाव तुझा साप. गळ्यात घालते हवं तर."

आत्यानं शिडी धरली. मी पट्टी मारली, गीझरच्या बोर्डापासून हातभर लांबून, तार तिच्यात बसवली, बाथरूमच्या भिंतीतून वेगळं भोक पाडून आत नेली, बटण नीट जोडलं. हात आपोआप चालत होते. मेन लावला, टेस्टर बटणाच्या पत्र्याला लावून पाहिला, दिवा लागला नाही. गीझर लावून पुन्हा पाहिला. तरीही नाही. मग मी बटण दाबलं. कुत्रा, वरचा मजला, सगळे हजर.

"हं," थोरल्या बाई म्हणाल्या. "वाजली."

त्यांनी चहा केला. आम्ही कापायच्या टेबलाभोवती बसलो, पुतळे परत आपल्या जागी. थोरल्या बाई बशीकडे पाहत म्हणाल्या, "खरं सांग. ते रागावलेच ना?"

"कोण?"

"तुझे वडील. मी त्यांना नाही नाही ते बोलले. साप काय, हे काय. इतकं समजावून सांगत होते बिचारे, मलमल आणि काय काय. मी ऐकलं नाही. म्हणून तर आले नाहीत." त्यांनी बशी सरकवली. "त्यांना उद्या घेऊन ये. मी स्वतः माफी मागते. आणि मागच्या दाराची बेलही त्यांच्याच हातून करून घ्यायची आहे."

"मी म्हटलं हिला," धाकट्या बाई म्हणाल्या, "ते येतो म्हणाले की येतात. तू फोनवर म्हणालीस ना, दोन-तीन दिवसांत. मग चार दिवस वाट पाहिली, आणखी पाहिली, शेवटी हिला धीर निघेना. तुला माहीतच आहे हिचा स्वभाव. उद्या येतील ना पण नक्की? नाहीतर मागच्या दाराचं आम्ही—"

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही काही करायचं नाही."

"मग ते येतील ना?"

दोघी माझ्याकडे पाहत होत्या. आत्या माझ्याकडे पाहत नव्हती. ती आपल्या पायातल्या मोठ्या चपलेकडे पाहत होती. मी पुन्हा 'येतील' म्हणाले असते तर त्या दोघी पुन्हा वाट पाहत बसल्या असत्या. मग कधीतरी धीर सुटला असता, आणि ड्रॉवरमध्ये पिना भरपूर होत्या.

मी बोलले. पण तोंडातल्या तोंडात.

"काय?" थोरल्या बाईंनी कानामागे हात धरला. "लोक पुटपुटतात हल्ली. मोठ्यानं बोल गं."

मी कप खाली ठेवला. उभी राहिले. छाती भरून श्वास घेतला आणि एवढ्या मोठ्यानं म्हणाले, की वरच्या मजल्यावरही ऐकू गेलं असेल.

"माझे बाबा वारले, बाई! ते आता येणार नाहीत!"